उभकान्या अंगावर येत नाही

हाउकिलाम्पी,
सोमवार, दुपारची कॉफी झाल्यावर

आदरणीय सुलोदादा यांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण पालथं पडलं तर उठताना उजवा हात टेकावा लागेल आणि सध्या तो हात नुसता शोभेला आहे, तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. अक्षर वाकडं येतंय त्याचंही कारण तेच. तुमचा गुडघा कसा आहे? तुर्कूला समुद्रावरचा वारा सुरू झाला असेल, कान झाकून फिरत जा. पियानो जुळवणाऱ्याचे कान म्हणजे विहिरी खणणाऱ्याचं यंत्र, बिघडलं की दुकान बंद. इकडे हिल्का बरी आहे, तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा आहे असं डॉक्टर म्हणतात. आई ठणठणीत आहेत. शहाऐंशीव्या वर्षी स्वतः लाकडं फोडतात आणि आम्ही फोडलेल्यांना नावं ठेवतात. बटाटे निघाले. बाकी सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी संपलो आहे.

नेमबाजी मंडळाच्या खोलीतली ती कपांची भिंत तुम्हाला आठवत असेल. मंडळ सुरू करणाऱ्या सात घरांचे सात खिळे, प्रत्येकावर त्या घराचा कॉफीचा कप, आणि पहिल्या खिळ्यावर आपल्या आप्पांचा, म्हणजे गावाच्या ईवारीकाकांचा. नियम असा, की जुन्या लष्करी बंदुकांच्या सामन्यात त्या घरचं कुणीतरी गावातर्फे उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर कप खाली उतरतो आणि पाहुण्यांच्या कपाटात जातो. फेब्रुवारीत आप्पा गेले. तुम्ही तुर्कूला. हिल्काला उजव्या डोळ्याने चुलीतला जाळसुद्धा धूसर दिसतो. राहिला कोण, तर जावई. निवड येत्या रविवारी आहे. कप्तान आता तेउवो आहे (तुमच्याच वर्गातला, दात पुढे असलेला, आता नवे बसवलेत), आणि त्याला आपल्या घराच्या जागी स्वतःचा जावई घुसवायचा आहे. तो कुओपियोला दातांचा डॉक्टर आहे (नवे दात कुठून आले ते यावरून कळावं) आणि मेल्याचा हात दगडासारखा स्थिर आहे. हिल्का जास्त बोलत नाही हे तुम्ही जाणता. ती एवढंच म्हणाली, "आप्पांचा कप पाहुण्यांच्या कपाटात गेला, तर तुमचं ताटही तिकडेच मांडीन."

आता माझी लायकी तुमच्यापासून काय लपवायची. माझं लष्करातलं शिक्षण वाटाण्याच्या सारापलीकडे गेलं नाही. अकरा महिने मी देशाचं रक्षण पळीने केलं. पुढे एका कुदळीवर धंदा सुरू केला, आज माझी तीन यंत्रं आहेत आणि या तालुक्यात खडकाच्या आवाजावरून खाली पाणी आहे की नाही ते सांगणारा माझ्याशिवाय दुसरा नाही. पण बंदुकीचं आणि माझं कधी जमलं नाही. आप्पांची बंदूक हिल्काच्या वाट्याला आली, म्हणून मी तीच घेऊन मे महिन्यात मैदानावर गेलो. उभकान्या. (तुर्कूत हा शब्द उच्चारला की लोकांना आपला तो रानात भुंकणारा तांबूस कुत्रा आठवत असेल, पण हाउकिलाम्पीत आधी बंदूकच आठवते, नळीच्या टोकाला नेम धरायची जी माशी असते तिच्या दोन बाजूंना लोखंडाचे दोन उभे कान, म्हणून उभकान्या.) तीन गावांत लहानथोर सगळे मानतात की जुन्या बंदुकांत सगळ्यात सौम्य कोण, तर उभकान्या. दणका नाहीच. अंगावर येतच नाही. मी पोटावर झोपलो, दस्ता खांद्याला लावला, चाप ओढला, आणि मला वाटलं विहिरीच्या यंत्राचा दांडा सुटून आला.

पहिल्या दिवशी वाटलं, धरायला चुकलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, परत चुकलो. तिसऱ्या दिवसापासून गोळी सुटायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. तेउवोने मग एक युक्ती केली. मी पाणी प्यायला गेलो असताना त्याने बंदुकीत रिकामं काडतूस सरकवून ठेवलं. मी आलो, झोपलो, नेम धरला, चाप ओढला. बंदूक गप्प राहिली आणि मी मात्र वीतभर मागे गेलो. मैदानावर सगळे गप्प. आपल्याकडे हसायची पद्धत नाही, म्हणून ते फार लागलं. शेवटी तेउवो म्हणाला, "उर्पो, बंदुकीवाचूनही तुझं छान चाललंय. दारूगोळा वाचेल."

आणि त्यावर शनिवारचा सॉना. तुम्ही बरीच वर्षं आला नाहीत, पण पद्धत तीच आहे: सराव झाला की सगळे सॉनाच्या वाफेत, वरच्या बाकावर, आणि उजवे खांदे उजेडाकडे. कुठली बंदूक किती दणका देते हे आपल्या गावात कुणी पुस्तकात बघत नाही, खांद्यावर बघतात, आणि मोजतात रानातल्या बेरींच्या रंगात. नुसता लाल चट्टा म्हणजे लाल बेरी, काळंनिळं म्हणजे ब्लूबेरी, आणि चार दिवसांनी कडेने पिवळं पडलं की दलदलीतली पिवळी बेरी, म्हणजे माणूस बरा होतोय. माझा खांदा उजेडात आला तेव्हा तेउवोने सॉसेजला मोहरीचा सॉस लावायचं थांबवलं. "उर्पो, हे कशाने?" मी म्हटलं, आप्पांच्या उभकान्याने. "शक्यच नाही," तेउवो म्हणाला. "ईवारीकाका पन्नास वर्षं त्याच बंदुकीने मारत होते. त्यांचा खांदा आम्ही याच बाकावर पाहिलाय. दुधासारखा. उभकान्या अंगावर येत नाही. माणूसच त्याच्या अंगावर जातो." बाकावरच्या सगळ्यांनी मान हलवली. मी नीट पाहिलं तर त्यांतल्या तिघांचे खांदेही निळे होते, पण तेही मान हलवत होते.

(इथे तुमच्या त्या प्रसंगाचा उल्लेख करू नका असं हिल्काने बजावलं आहे, म्हणून करत नाही. एकोणिसाव्या वर्षी कुणाच्याही हातून बंदूक बर्फात पडू शकते, आणि तेव्हा आप्पा जे चार शब्द बोलले तेही मी लिहीत नाही, कारण ते या पत्राच्या माथ्यावर नाहीतरी आलेच आहेत.)

मी धंदेवाला माणूस. एक यंत्र चालत नसेल तर दुसरं बघायचं, हे मला कळतं. म्हणून जूनमध्ये मी दणक्यांची तुलना करायला घेतली, तीही पद्धतशीर. अर्धा किलो लोण्याची वडी कागदासकट शर्टाच्या आत खांद्यावर ठेवायची, तीन गोळ्या मारायच्या आणि वडीत किती खोल खड्डा पडला तो आगकाडीने मोजायचा. मैदानावर उसन्या मिळतील त्या बंदुका घेतल्या. पहिली एक आखूड रशियन. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की पहिल्या गोळीनंतर आगकाडीची गरज उरली नाही, लोणी माझ्या कानात सापडलं. दुसरी इटालियन, जी लढाईच्या काळात आपल्या लोकांच्या गळ्यात मारली होती. दणका एकदम सौम्य, वडीवर जेमतेम बोट उमटल्यासारखं. मी आनंदाने उभा राहिलो आणि तेउवोने विचारलं, "बटाट्याच्या वाफ्यावर काय राग आहे तुझा?" सगळ्या गोळ्या तिकडे गेल्या होत्या, मग कळलं की ही बंदूक दणका देत नाही कारण तिला कुठे जायचंय हेच माहीत नसतं. तिसरी स्वीडिश. दादा, काय बंदूक आहे. खांद्यावर हात ठेवून कुणीतरी हळूच विचारपूस करावी तशी. पण तोवर माझा खांदा कुणाचंच ऐकेनासा झाला होता. बंदूक विचारपूस करायची आणि मी तरी वीतभर मागे. शिवाय तेउवो शेजारी येऊन शांतपणे म्हणाला, "हे काय आहे उर्पो, बंदूक की शिवणयंत्र?" त्यानंतर ती उचलायची माझी हिंमत झाली नाही. घरी हिल्काने सलग तीन आठवडे एकच प्रश्न विचारला, की लोणी जातं कुठे.

ऑगस्टमध्ये मी निष्कर्षाला आलो. सगळं जग म्हणतं उभकान्या अंगावर येत नाही. माझा येतो. म्हणजे दोष उभकान्या जातीत नाही, आमच्या या एका नगात आहे. (आता मागे वळून पाहताना वाटतं, याच ठिकाणी एखाद्या शहाण्याने थांबून विचार केला असता.) म्हणजे दुसरा उभकान्या शोधायचा. पोलिसांकडून परवाना काढला, आणि त्याच आठवड्यात सहकारी दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: "उभकान्या देणे आहे. नवरा वारला. नीट सांभाळलेला. आवाज मोठा, स्वभाव गरीब. लेम्पी, रुओकोला." खाली फोन. मी तिथूनच फोन लावला. त्या बाई म्हणजे मोजून बोलणाऱ्या, आपल्यातल्याच. कुठल्या सालचा, विचारलं. "सतराचा." मी मनात म्हटलं, एकोणीसशे सतरा, उत्तम, आपल्या बंदुकांची पोटं त्या काळातल्या रशियन बंदुकांचीच असतात. आतून साफ आहे ना? "वसंतातच औषध दिलं." तेही पटलं, नळी साफ करायला औषधं मिळतात. मग मूळ प्रश्न विचारला, की अंगावर येतो का?

"छे. आमच्या ह्यांच्या खांद्यावर मान टाकून असायचा. कधी ओरखडा नाही."

दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनीच पुढे विचारलं, दिवसातून किती वेळा बाहेर काढाल, मी दोनदा काढते. मला कौतुक वाटलं, म्हटलं ही बाई तेउवोला सुद्धा हरवील. मी प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे वर्षातून आठदहा वेळा निघेल. "आणि बाकीचे दिवस?" म्हटलं, पोलादी कपाटात, कुलूप लावून, पोलीस स्वतः कपाट पाहून गेलेत. पलीकडून काही आलं नाही. फोनवर मिनिटभर शांतता आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही, म्हणून मीही घेतली नाही. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही याच. मला तुमचं तोंड बघायचंय."

मी गेलो. ऐंशी किलोमीटर. एका हातात नळीत घालायची सळई, दुसऱ्या हातात नळीत बघायचा छोटा दिवा, खिशात परवाना. दार उघडलं आणि बाईंच्या पायांमधून एक तांबूस कुत्रा बाहेर आला, दोन्ही कान उभे. त्याने एकदा सळईकडे पाहिलं, एकदा दिव्याकडे, आणि मला झाडावर बसलेला रानकोंबडा समजून जे भुंकायला लागला ते त्यांचं काम जसं असतं तसं, म्हणजे शिकारी येईपर्यंत न थांबता. शिकारी बाईंच्या रूपाने दारातच उभा होता. मी समजूत घालायला परवाना पुढे केला. त्यांनी वाचला. "हा तर बंदुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आधी कपाटात कोंडणार, आणि मग गोळी घालणार?"

सगळा उलगडा व्हायला कुत्रा दमावा लागला. मग त्यांनी मला आत बोलावलं, दालचिनीचा पाव आणि कॉफी दिली (कुत्रा टेबलाखाली, तोंड माझ्याकडे). मी माझी कहाणी सांगितली. बाई ऐकत होत्या, आणि मग कपात साखर ढवळत, जणू हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाल्या, "ह्यांच्याकडेही होता. बंदुकीचा. एकोणीस वर्षं ते डाव्या कुशीवर झोपले."

मी म्हटलं, म्हणजे मारायचा?

"घोड्यासारखा."

मग कधी बोलले कसे नाहीत?

"कुणाला बोलणार? तुमच्या गावच्या ईवारीचा खांदा दुधासारखा. तीन गावच्या पुरुषांनी बघितलेला. ह्यांना वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे." आणि त्यांनी पाव पुढे सरकवला. "घ्या. ईवारीचे जावई ना तुम्ही. तुमचा खांदा कसा आहे?"

मी दाखवला नाही. येताना गाडीत मी हिशेब लावत होतो, की तीन गावं, पन्नास वर्षं, आणि डाव्या कुशीवर झोपलेले किती. म्हणजे बंदूक बदलून उपयोग नाही, कारण सगळ्याच अशा आहेत; आणि बोलून उपयोग नाही, कारण आप्पांचा खांदा साक्षीला आहे. निवड रविवारी. कप जाणार. ताट पाहुण्यांत मांडलं जाणार. एक आप्पाच तेवढे लोखंडाचे होते आणि बाकी आपण सगळे लोणी, हे मान्य करून मी आता विहिरी खणायला जातो. हिल्का नमस्कार सांगते. गुडघ्याला जपा, थंडीत जिने चढू नका.

आपला नम्र,
उर्पो

ता. क. तिकडे त्या मोहरीच्या सॉसच्या नळ्या मिळतात, त्यांतल्या दोन पाठवाव्यात. इकडची तिखट नाही. पत्र लिहायचं कारण मुख्यतः तेच होतं.

ता. क. दुसरे, मंगळवार. पाकीट चिकटवलं नव्हतं. सकाळी आईंकडे गेलो होतो. त्या लाकडं फोडत होत्या. लेम्पीबाईंचं बोलणं मी त्यांना सांगितलं आणि विचारलं, आई, आप्पांची कातडी कशाची होती? त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली नाही, पण हात थांबला. म्हणाल्या, "बुटाची." मला कळलं नाही. तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आप्पा जेवताना रडले होते, चमचा उचलता येईना म्हणून. आईंनी घरातल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या बुटांपैकी डावा कापला, आणि त्याचा तळवा आप्पांच्या करड्या बंडीला आतून शिवला, खांद्यावर. पन्नास वर्षं तीच बंडी. आप्पा शनिवारी सगळ्यांच्या आधी सॉनात जायचे ते लाकडं पेटवायला असं आपण समजत होतो. ते बंडी काढून ठेवायला जायचे. मी म्हटलं, मग ती बंडी आता कुठे आहे? "घालूनच गेले," आई म्हणाल्या. "मीच घातली. म्हटलं तिथे कोण कोण भेटेल, काही सांगता येत नाही."

मग त्या म्हणाल्या, "सुलो घर सोडून गेला त्या दिवशी मी म्हटलं होतं, जाऊन सांगा पोराला बुटाचं. ते म्हणाले, उद्या सांगतो." आणि पुन्हा लाकडं फोडायला लागल्या. दादा, हे मी जसं ऐकलं तसं लिहिलं, माझ्या पदरचं काही नाही. बंदूक मारत होती. तुम्हालाही मारलं तिने, आप्पांनाही मारलं, फरक एका बुटाचा.

ता. क. तिसरे. आज दुपारपर्यंत मी माघार घेणार होतो, तेउवोला तसं सांगायला गेलोही होतो. यादी टेबलावर होती आणि आपल्या घराची ओळ रिकामी. मी तिथे तुमचं नाव लिहून आलो, शाईने. तेउवोने वाचलं आणि म्हणाला, "सुलो? तो येईल?" मी म्हटलं, त्याचा गुडघा झोपून नेम धरायला आड येत नाही. शनिवारी दुपारची गाडी कुओपियोला चारला पोचते, मी घ्यायला येईन. गोळी कुठेही लागो, घरचा माणूस उभा राहिला की कप राहतो. नियमात तेवढंच लिहिलं आहे, आज पहिल्यांदाच मी तो दोनदा वाचून घेतला, म्हणजे मीही चाललो असतो, पण ती ओळ तुमची आहे. आणि सॉनात तुम्ही वरच्या बाकावर बसायचं, खांदा उजेडाकडे करून, मग तो कुठल्याही रंगाचा असो. माझा निळा शेजारी असेलच.

यायचं नसेल तर मात्र आईंना तुम्हीच फोन करून सांगा, माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी उजवा बूट कापायला घेतला आहे. तुमच्या खांद्याचं माप त्यांना एकोणिसाव्या वर्षाचंच माहीत आहे, तेव्हा आजचं कळवा.